बफर बनवा. पीएचला हात लावू नका. का? ते विचारू नका!

या शनिवारी थोडं भांडायचं आहे. सॉफ्टवेअरवाल्यांशी नाही (त्यांच्याशी सोमवार ते शुक्रवार चालूच असतं), जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांशी. "तुला काय कळतंय रे त्यातलं?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर पुढे येईलच. आधी भांडणाचं मूळ बघा. ते एवढंसं आहे:

ट्रिस बेस : ३.०३ ग्रॅम
ग्लायसिन : १४.४ ग्रॅम
मिथेनॉल : २०० मिली
पाणी : एकूण १ लिटर होईपर्यंत
पीएच ८.३

हा 'ट्रान्सफर बफर'. वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये जा, फ्रीजच्या दारावर नाहीतर कपाटाच्या आतल्या बाजूला हा कागद चिकटवलेला सापडेल. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यावर कसला तरी डाग, आणि लिहिणारा दहा वर्षांपूर्वी पोस्टडॉकला अमेरिकेत गेलेला.

माझं म्हणणं असं की या कागदावरची शेवटची ओळ धोकादायक आहे. चूक नाही, धोकादायक. आणि ती तशीच ठेवण्यामागची जी वृत्ती आहे, तिच्यापायी पोरापोरींचे महिनेच्या महिने वाया जातात आणि वर त्यांनाच बोलणी बसतात.

ज्यांना वेस्टर्न ब्लॉट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (माहीत असलेल्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.) पेशींमधली प्रथिनं एका जेलीसारख्या पातळ वडीत घालून वीज सोडली की ती आकाराप्रमाणे वेगळी होतात. लहान पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. त्याआधी त्यांना एसडीएस नावाचा साबण चोपडलेला असतो, त्यामुळे सगळ्यांवर ऋण भार असतो आणि सगळी धन टोकाकडे धावतात. आता यातलं आपल्याला हवं ते एक प्रथिन ओळखायचं तर अँटिबॉडी लावावी लागते. पण ती जेलच्या आत नीट शिरत नाही. म्हणून ही सगळी प्रथिनं जेलमधून उचलून, त्याच क्रमाने, एका कागदासारख्या पडद्यावर आणायची. शाळेत शाईच्या पेनाचा डाग टीपकागदाने टिपायचो, तसंच. 'ब्लॉट' म्हणजे तेच टिपणं. फक्त इथे टिपायला वीज लागते, आणि वीज वाहायला बफर.

नावाची गंमत सांगतो. १९७५ साली एडविन सदर्न या ब्रिटिश शास्त्रज्ञाने डीएनए असा टिपायची पद्धत काढली, तिला 'सदर्न ब्लॉट' म्हणू लागले. आरएनएची पद्धत आली तिला थट्टेने 'नॉर्दर्न' म्हटलं. १९७९ साली बाझलमध्ये टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी प्रथिनं नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर विजेने उतरवली, आणि १९८१ च्या शोधनिबंधात बर्नेटने 'वेस्टर्न' असं नाव देऊन टाकलं. वरची रेसिपी त्या १९७९ च्या निबंधातलीच. आजही तिला 'टोबिन बफर' म्हणतात. आणि तिचा पाया त्याहून जुना आहे. २५ मिलिमोलर ट्रिस आणि १९२ मिलिमोलर ग्लायसिन हे लेमलीच्या १९७० च्या जेल चालवायच्या बफरमध्येही आहे. त्यातला एसडीएस काढा, मिथेनॉल घाला, झाला ट्रान्सफर बफर.

म्हणजे पन्नासेक वर्षं जुना कोड आहे. प्रॉडक्शनमध्ये आहे. रोज चालतो. आणि त्यात एकही कमेंट नाही!

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ. कॉलेजात आपण काय शिकलो? बफर बनवायचा म्हणजे पावडर विरघळवायची, मीटर बुडवायचा, मग आम्ल किंवा अल्कली थेंब थेंब घालून हवा तो पीएच आणायचा. बहुतेक बफरना हे लागू आहे. म्हणून कागदावर 'पीएच ८.३' दिसलं की शहाणं, मन लावून काम करणारं पोर काय करणार? मीटर बुडवणार, आणि ८.३ आणणार.

आणि नेमकं तेच करायचं नसतं.

कारण या बफरचा पीएच आणावा लागत नाही, तो येतो. ट्रिस हा आम्लारी, ग्लायसिनमध्ये थोडा आम्लधर्म. दोघे एकमेकांना सावरून स्वतःहूनच एका जागी स्थिर होतात. मी रसायनशास्त्र बारावीनंतर सोडलं, पण गणित नाही सोडलेलं. ट्रिसचा पीके ८.०७, ग्लायसिनच्या अमिनो टोकाचा ९.७८, दोघांची प्रमाणं वरची. दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, उत्तर आलं साधारण ८.४. म्हणजे कागदावरच्या ८.३ च्या शेजारीच. पंचवीस अंश तापमानाला दोघांचा समतोल तिथेच आहे. थंड खोलीत, चार अंशांवर, तोच बफर अर्ध्या अंकाहून थोडा जास्तच वर दिसेल, कारण ट्रिसचा पीके दर अंशाला सुमारे ०.०२८ ने सरकतो. तिथे मीटर लावून कुणी "अरे, जास्त झाला" म्हणत आम्ल ओतलं तर? ओततात लोक!

आता कुणी म्हणेल, ओतलं थोडं आम्ल, बिघडलं काय? बिघडतं ते असं. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की क्लोराइड आलं, कॉस्टिक घातला की सोडियम आलं. हे आयन छोटे आणि चपळ. ट्रिस-ग्लायसिन हा मुद्दाम निवडलेला आळशी बफर आहे. त्यात वीज कमी वाहते, म्हणून शंभर व्होल्ट लावले तरी टाकी फार तापत नाही. एरवीसुद्धा हिशोब काठावरचाच असतो. शंभर व्होल्ट, साडेतीनशे मिलिअँपिअर, म्हणजे ३५ वॅट. तासभरात सव्वा लाख ज्यूल. एक लिटर पाण्यात ही सगळी उष्णता अडकली तर तापमान ३० अंशांनी चढेल. म्हणून तर टाकीत बर्फाची पेटी ठेवतात. त्यात मीठ वाढवून करंट दुप्पट केला तर काय होईल ते तुम्हीच गुणून बघा, आणि आत २० टक्के मिथेनॉल आहे हेही लक्षात ठेवा.

तर आता "तुला काय कळतंय" चं उत्तर. माझी मामेबहीण पीएचडी करते. कुठे ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण ही गोष्ट कुठेही घडू शकते. उंदरांच्या मेंदूचे मोजके नमुने तिच्याकडे होते, आणि दोन महिने तिचे ब्लॉट येत नव्हते. पट्टे फिकट, मोठी प्रथिनं जेलमध्येच अडकलेली. लॅबमधलं निदान ठरलेलं होतं: "तुझा हात बसलेला नाही अजून." सीनियर म्हणे हात बसलेला नाही, सर म्हणे लक्ष नाही. पोरगी रात्री दहापर्यंत हात बसवत होती.

दिवाळीत भेटली तेव्हा तिने मला सगळी प्रक्रिया सांगितली. मी बग शोधताना विचारतो तसलेच प्रश्न विचारत गेलो.

"पीएच ८.३ केलास म्हणजे? आधी किती होता?"

"साडेपाच-पावणेसहा असेल. कॉस्टिक घालून वर आणला. दर वेळी तसंच करावं लागतं, दादा."

"दर वेळी? आणि कुणाला काही वाटलं नाही?"

"कागदावर पीएच ८.३ लिहिलंय ना. तो झाला की झालं."

सुट्टी संपल्यावर तिने बाटली उलटीपालटी करून लेबल नीट वाचलं. कपाटातली 'ट्रिस' ची बाटली ट्रिस बेसची नव्हतीच, ट्रिस-एचसीएलची होती. जुनी संपली, कुणीतरी नवीन मागवली, नाव सारखंच, किंमत बरी, आली. तिचं वजन ३.०३ ग्रॅम घेतलं की ट्रिसही कमी पडतो (त्याचा रेणुभार १५७.६, बेसचा १२१.१), आणि पीएच सहाच्या खाली येतो. तो ८.३ वर न्यायला लिटरमागे १८ मिलिमोल कॉस्टिक लागतो. म्हणजे बफरमध्ये जवळजवळ तेवढंच साधं मीठ तयार झालं! जिथे आठेक मिलिमोलर आयनांनी वीज वाहून न्यायची, तिथे पंचवीस झाले, आणि त्यातले बरेचसे सोडियम-क्लोराइडसारखे पळणारे. पॉवर पॅकला करंटची कमाल मर्यादा असते. ती गाठली की तो मुकाट व्होल्टेज खाली आणतो. व्होल्टेज नाही तर ओढ नाही, ओढ नाही तर प्रथिनं जागची हलत नाहीत. हात बसला असता तरी काय झालं असतं?

आता माझा मुद्दा बघा. बाटली चुकीची येणं हा अपघात आहे, तो होणारच. पण तो अपघात पहिल्याच दिवशी, पहिल्याच लिटरला, पाच मिनिटांत पकडता आला असता. पीएच सहाच्या खाली आला याचाच अर्थ काहीतरी चुकलंय. त्या कागदावरचा ८.३ हा आदेश नाहीच मुळी, तो चेकसम आहे! आमच्याकडे फाइल डाउनलोड झाल्यावर चेकसम जुळला नाही तर आपण फाइल फेकून देतो. फाइलमध्ये चार बाइट इकडेतिकडे करून चेकसम जुळवत बसत नाही. त्या लॅबमध्ये दोन महिने नेमकं हेच चाललं होतं. धोक्याचा दिवा लागला की त्यावर कापड टाकायचं, आणि हे करायला तो कागदच सांगत होता.

एका ओळीचा प्रश्न होता. 'पीएच ८.३' ऐवजी लिहा: "पीएच आपोआप ८.१ ते ८.५ यायला हवा. आला नाही तर आम्ल-अल्कली घालू नका. बफर फेका आणि बाटल्यांची लेबलं तपासा." बस्स. वीस-बावीस शब्द. दोन महिने वाचले असते, नमुने वाचले असते आणि एका मुलीचा आत्मविश्वास वाचला असता. तो परत आणायला बाटली बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता नेहमीचे आक्षेप. हे मी त्या क्षेत्रातल्या तीन-चार मित्रांकडून ऐकले आहेत, म्हणून एकेक घेतो.

आक्षेप पहिला: "अरे, हे सगळ्यांना माहीत असतं." कुणाला? ज्याला माहीत आहे त्यालाच. काही कागदांवर 'पीएच ॲडजस्ट करू नका' असं लिहिलेलं असतं, हे मान्य. पण का ते तिथेही नसतं. मग ते सोवळंओवळं होतं. शिवू नकोस म्हणजे शिवू नकोस. आणि कारण न सांगितलेला नियम एक दिवस कुणीतरी मोडतोच, बहुतेक वेळा सगळ्यात हुशार माणूस मोडतो, कारण त्याला तो नियम मूर्खपणाचा वाटतो.

आक्षेप दुसरा: "लॅबचं काम स्वयंपाकासारखं आहे. लिहून येत नाही, हाताने येतं." हा मला सर्वांत आवडता आक्षेप आहे, कारण तो उलटाच पडतो. आमची आजी लोणचं घालायची. मोजमाप तिच्याकडे नव्हतं, पण 'का' प्रत्येक पायरीला होतं. "फोडींना पाण्याचा हात लागू देऊ नकोस, बुरशी धरते." "तेल वर तरंगायला हवं, नाहीतर वरच्या फोडी काळ्या पडतात." चौथी शिकलेली बाई कारणासकट शिकवत होती. आणि इथे डॉक्टरेट झालेली माणसं 'सीनियरने असंच केलं होतं' या आधारावर विज्ञान चालवतात!

आक्षेप तिसरा: "तयार बफर मिळतो विकत. घ्या आणि वापरा." जरूर घ्या, ग्रँट असेल तर. पण त्यात मिथेनॉल बहुधा तुम्हालाच घालायचं असतं, पाणी तुम्हालाच. दहापट तीव्रतेच्या स्टॉकमध्ये आधी मिथेनॉल ओतलं तर क्षार खाली बसू शकतात, म्हणून आधी पाणी आणि मग मिथेनॉल. हा क्रमसुद्धा 'का' माहीत असेल तरच लक्षात राहतो. अज्ञान बाटलीत भरून आणलं म्हणून ज्ञान होत नाही.

आक्षेप चौथा: "तुम्ही सॉफ्टवेअरवाले तरी काय दिवे लावता?" खरंय. नेटवरून उचललेला कोड न वाचता चिकटवणारे आमच्याकडे पायलीला पन्नास आहेत. पण एक फरक आहे. २००५ पासून आमच्याकडे गिट आहे. त्याआधीही तशी साधनं होती. कुठलीही ओळ कुणी, कधी बदलली आणि बदलताना काय कारण लिहिलं, हे एका कमांडमध्ये दिसतं. आम्ही शहाणे आहोत असं नाही, आमच्या वेंधळेपणाची नोंद राहते एवढंच. फ्रीजवरच्या कागदाला तारीख नसते, नाव नसतं, आवृत्ती नसते. कुणीतरी २०० खोडून पेनाने १०० केलेलं असतं. का? देव जाणे.

आणि तो बदल बरोबरही असू शकतो, हीच तर मजा आहे! मिथेनॉल का घालतात ते बघा. ते जेलला फुगू देत नाही. प्रथिनांना चिकटलेला एसडीएस सोडवतं, त्यामुळे ती नायट्रोसेल्युलोजला नीट धरून राहतात. पण तेच मिथेनॉल जेलची छिद्रं आवळतं आणि मोठ्या प्रथिनांना जागीच थिजवतं. म्हणून शंभर किलोडाल्टनच्या वरचं प्रथिन असेल तर मिथेनॉल १० टक्क्यांवर आणतात, किंचित एसडीएस परत घालतात. मिथेनॉलच्या जागी इथेनॉलही चालतं. 'का' माहीत असेल तर हे सगळं तुम्ही स्वतः ठरवू शकता. नसेल तर २०० आणि १०० मधला फरक म्हणजे नुसतं पेनाचं खोडकाम.

शिवाय हे मिथेनॉल म्हणजे काही गुलाबपाणी नव्हे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांची नस जळते. किती लॅबच्या कागदावर 'फ्यूम हूडमध्ये ओता, हातमोजे घाला, वापरलेला बफर बेसिनमध्ये सोडू नका' लिहिलेलं असतं? मी पाहिलेल्या दोन्ही कागदांवर नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत कर्करोगावरच्या ५३ नावाजलेल्या शोधनिबंधांमधले १९३ प्रयोग पुन्हा करून बघायचा एक मोठा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्या १९३ पैकी एकही प्रयोग असा नव्हता की ज्याची सगळी कृती मूळ निबंधात पुरेशी लिहिलेली होती. एकही नाही! प्रत्येक वेळी मूळ लेखकांना विचारावं लागलं, आणि सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांनी उत्तर दिलं नाही किंवा काही मदत केली नाही. शेवटी २३ निबंधांमधले ५० प्रयोगच पुरे झाले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लॅब 'प्रचलित पद्धतीनुसार ट्रान्सफर केले' असं एक वाक्य लिहून मोकळ्या होतात. आमच्याकडे कुणी 'प्रचलित पद्धतीनुसार कोड लिहिला' म्हणून रिलीज केलं तर त्याला नारळ मिळेल.

म्हणून राग त्या कागदावर नाही. राग आहे तो जबाबदारीच्या वाटपावर. कृती अपुरी लिहिली ती लॅबने, बाटली चुकीची आली ती खरेदीतून, आणि प्रयोग फसला की दोष कुणाचा? सगळ्यात लहान माणसाचा. 'हात बसलेला नाही' हे निदान नाही, ती पळवाट आहे. सर्व्हर पडला की सगळ्यात नवीन ट्रेनीकडे बोट दाखवणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, घरचेही वाचतात. पण बऱ्या टीममध्ये निदान एवढी रीत असते की आधी 'काय चुकलं' लिहायचं, 'कोण चुकलं' नंतर. आणि जे चुकलं ते पुन्हा होऊ नये म्हणून कृतीच बदलायची.

लॅब चालवणाऱ्या मंडळींकडे माझं मागणं फार नाही. पैसे लागत नाहीत, ग्रँट लागत नाही. प्रत्येक कृतीच्या कागदावर आणखी एक रकाना आखा: 'का'. खाली तारीख आणि नाव. बदल केला तर जुनं खोडू नका, नवीन आवृत्ती करा आणि कारण लिहा. आकडा लिहिताना तो आणायचा आहे की तपासायचा आहे ते स्पष्ट सांगा. आणि ज्या पायरीचं 'का' लॅबमध्ये कुणालाच सांगता येत नाही, तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढा. ते काढायला लाजू नका. विज्ञान तिथूनच सुरू होतं असं ऐकून आहे :)

आणि तुमच्यापैकी जे कुणी अशा लॅबमध्ये नवीन असतील, "हात बसलेला नाही" ऐकत असतील, त्यांनी सोमवारी एक करा. बफर बनवल्यावर काहीही घालण्याआधी पीएच मोजा आणि वहीत लिहा. मग बाटलीचं लेबल वाचा, पूर्ण, खालच्या बारीक अक्षरांसकट. हात कदाचित तुमचा कधीच बसलेला असेल.